माशांचा घास, शेजाऱ्यांची झोप

काचेच्या टाकीत रंगीत मासे पाळणे हा बंगल्यात राहणाऱ्यांचा शौक आहे, असा आपल्याकडे समज होता. आता तो राहिलेला नाही. रत्नागिरीत आमच्या वाडीत सहा-सात घरांत टाक्या आहेत. कोणाकडे दोन फुटांची काचेची, कोणाकडे बरणी, कोणाकडे अंगणात जुना सिमेंटचा हौद. गप्पी, मॉली, एंजल, फायटर अशी नावे मुलांना पाढ्यांसारखी पाठ आहेत. ही मुले आणि त्यांचे आईबाप मला एकच प्रश्न वारंवार विचारतात. माशांना खायला काय घालायचे? पुडीतले दाणे घालूनही पिल्ले मरतात, ती का?

या प्रश्नाचे उत्तर म्हणजे जिवंत अन्न. परंतु ते कोठून आणायचे, किती घालायचे आणि उरलेले कसे ठेवायचे, हे नीट समजून न घेतल्यास त्याचा त्रास माशांना होतोच, शिवाय शेजारच्या घरालाही होतो. आमच्या वाडीत त्यावरून भांडण होता होता राहिले. म्हणून हे लिहीत आहे.

मी पेशाने कारकून. बी.कॉम. झालो आणि आकडेमोडीच्या टेबलावर बसलो. संध्याकाळचा वेळ वाडीच्या कामात जातो. कोणाचा दाखला अडलेला असतो, कोणाच्या मुलाचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा असतो. माशांचा नाद लागला तो झाडगावच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रामुळे. हे केंद्र १९५८ सालचे. आज ते डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाकडे आहे. तेथील मत्स्यालय आणि संग्रहालय रत्नागिरीतल्या बहुतेक मुलांनी पाहिलेले असते. देवमाशाचा प्रचंड सांगाडा पाहून मुले तोंडात बोट घालतात. माझी मुलगी मात्र सांगाडा सोडून लहान टाक्यांपुढेच उभी राही. तिच्या हट्टाने घरी टाकी आली. टाकी आल्यावर माशांचे पोट आले आणि पोटाबरोबर हिशोब आला.

जिवंत अन्न लागतेच का, असे कोणी विचारील. मोठ्या माशांचे दाण्यांवर भागते. जिवंत अन्न अधूनमधून मिळाले तर त्यांचा रंग खुलतो, मादी अंड्यावर लवकर येते, एवढेच. खरी गरज असते ती पिल्लांची. फायटरची अंडी एक-दोन दिवसांत फुटतात. त्यानंतर दोन-तीन दिवस पिल्ले पोटाला चिकटलेल्या बलकावर राहतात. बलक संपला की ती पोहू लागतात आणि तेव्हापासून त्यांना भूक लागते. त्यांचे तोंड टाचणीच्या टोकाएवढेसुद्धा नसते. समोर हलणारी वस्तू असेल तरच ती खाण्याची आहे हे त्यांना कळते. दाण्यांचा चुरा कितीही बारीक केला तरी तो तळाशी जाऊन सडतो. त्यातून पाण्यात अमोनिया वाढतो आणि पिल्ले एका रात्रीत जातात. मग घरातले म्हणतात, पाणी लागले. खरे तर ती उपाशी असतात आणि वर त्यांचे पाणी नासलेले असते.

आता आमच्या वाडीतल्या एका मुलाची गोष्ट सांगतो. बारावीनंतर तो एका दुकानात कामाला होता. ते काम सुटले. घरी आई आणि लहान बहीण. हातावर हात धरून न बसता त्याने फायटरची जोडी आणली आणि पिल्ले काढायला सुरुवात केली. फायटरचे नर एकत्र ठेवता येत नाहीत, ते एकमेकांना फाडतात. म्हणून त्याने रिकाम्या बाटल्या गोळा केल्या आणि पडवीत फळ्यांवर रांगेने मांडल्या. एकेका बाटलीत एकेक नर. दुकानदार येऊन मासे घेऊन जाऊ लागला. घरात चार पैसे येऊ लागले. आम्हा सर्वांना त्याचे कौतुक होते.

त्याच्या माशांचे अन्न दोन ठिकाणांहून येई. एक म्हणजे दुकानातून आणलेले ट्युबिफेक्स, म्हणजे केसासारखे बारीक लाल किडे, गोळा करून पाण्यात ठेवलेले. दुसरे म्हणजे डासांच्या अळ्या. घरामागे त्याने पाण्याचा एक ड्रम उघडा ठेवला होता. त्यात पालापाचोळा टाकलेला. डास येऊन अंडी घालत. तो रोज सकाळी गाळणीने अळ्या काढी आणि माशांना घाली. फुकटचे अन्न आणि मासेही त्यावर तुटून पडत. डासांच्या अळ्या माशांना उत्तम पोसतात, यात खोटे काही नाही. म्हणूनच तर आरोग्य खाते विहिरींत आणि साठलेल्या पाण्यात गप्पी मासे सोडते.

पण गाळणीतून सगळ्या अळ्या निघत नाहीत. एक दिवस तो बहिणीच्या परीक्षेच्या कामासाठी गावाला गेला आणि चार दिवस राहिला. ते दिवस जुलैचे होते. त्याच आठवड्यात शेजारच्या घरातला मुलगा तापाने फणफणला. रक्त तपासले तर डेंग्यू निघाला. मुलगा बरा झाला, परंतु त्याच्या आईने माझ्या दारात येऊन सुनावले, “भाऊ, तुमची ती मिटिंग नंतर घ्या. आधी त्या पोराचा ड्रम उलटा करा. त्याचे मासे जगायचे आणि आमची पोरं मरायची काय?”

तो ताप त्याच ड्रमातल्या डासामुळे आला, असे कोणी सिद्ध करू शकत नाही. पावसात करवंटीत, टायरात, कुंडीखालच्या बशीतही डास होतात. मुलाचे म्हणणेही हेच होते. तो मला म्हणाला, “काका, सगळ्या वाडीत पाणी साठलंय, माझाच ड्रम का दिसतो?” त्याचा मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता. पण दोन गोष्टींत फरक आहे. करवंटीत पाणी चुकून साठते. ड्रमात आपण ठेवून साठवतो. जे आपण ठेवून करतो, त्याची जबाबदारी आपली.

वाडीची बैठक झाली. त्यात मी जे सांगितले ते येथे थोडक्यात देतो. डासामुळे मलेरिया पसरतो, हा शोध रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली आपल्याच देशात, सिकंदराबादला लावला. डेंग्यूचा डास वेगळा, एडिस नावाचा. तो घराभोवतालच्या स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. अंड्यातून अळी, अळीचा कोष आणि कोषातून डास, हा सारा प्रवास आपल्याकडच्या उबदार हवेत साधारण ७ ते १० दिवसांत पुरा होतो. म्हणूनच आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, असे आरोग्य खाते सांगते. नुसते पाणी ओतूनही भागत नाही, कारण एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. भांडे आतून घासावे लागते. तेव्हा माशांसाठी डासांच्या अळ्या मुद्दाम वाढवणे दाट वस्तीत कोणीच करू नये. दुसरीकडे कोठे सापडल्या तर गाळून, धुऊन माशांना खुशाल घालाव्यात. त्यात माशाचे पोट भरते आणि डासही कमी होतात. पण त्यांची शेती नको.

ड्रम त्याच संध्याकाळी रिकामा झाला. मुलाने स्वतः तो विटेच्या तुकड्याने घासला. पण मग त्याने मला विचारले, “काका, आता पिल्लांना काय घालू?” नुसता ड्रम उलटा करून आपले काम संपत नाही. एखाद्याचे पोटाचे साधन काढून घेतले, तर दुसरे दाखवायला हवे. त्यानंतरचे दोन-तीन महिने आम्ही दोघांनी मिळून जे केले ते आता सांगतो.

प्रथम ट्युबिफेक्सविषयी. बैठकीत या लाल किड्यांबद्दल कोणी तक्रार केली नव्हती, पण माझ्या मनात ते सलत होते. हे किडे सांडपाण्याच्या नाल्यांत, गाळात वाढतात. प्राणवायू कमी असलेल्या घाण पाण्यातही ते तग धरतात. म्हणून जेथे मैलापाणी वाहते तेथे त्यांचे पुंजके मिळतात. यंत्राने ते कोणी काढत नाही. कोणीतरी माणूस गुडघाभर घाणीत उभा राहतो, हाताने गाळ उपसतो, धुतो आणि किडे वेगळे करतो. तो माणूस कोण असेल, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ आणि २०१३ मध्ये कायदे झाले. आपल्या आधीच्या पिढ्यांनी गावकीची घाणेरडी कामे नाकारली, ती काही आपल्या दिवाणखान्यातल्या माशासाठी दुसऱ्या कोणी गटारात उतरावे म्हणून नव्हे. मी त्या मुलाला एवढेच विचारले, “हे किडे काढायला तू स्वतः नाल्यात उतरशील का?” तो काही बोलला नाही. पुढच्या वेळी त्याने ते आणले नाहीत.

ज्यांच्याकडे ट्युबिफेक्स आलेलेच आहेत, त्यांनी काळजी घ्यावी. आणल्याबरोबर ते माशांना घालू नयेत. गटारातले जंतू त्यांच्याबरोबर टाकीत येतात. पसरट ताटलीत, अगदी कमी पाण्यात ते ठेवावेत आणि निदान दोन-तीन दिवस, दिवसातून तीन-चार वेळा पाणी बदलावे. पाणी स्वच्छ निघू लागले की मगच वापरावेत. जिवंत किड्यांचा गोळा घट्ट आणि लाल असतो. मेलेले फिकट पडतात, सुटे होतात आणि त्यांना वास येतो. वास आला की सगळेच टाकून द्यावे. थोडे वाचवायला जाऊन टाकी घालवू नये. ताटली हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत आणि लहान मुलांना या कामापासून दूर ठेवावे.

आता घरी वाढवायचे अन्न. अगदी नवजात पिल्लांसाठी पहिले अन्न इन्फ्यूसोरिया. नाव मोठे असले तरी गोष्ट सोपी आहे. बरणीत टाकीतलेच जुने पाणी घ्यावे. त्यात मूठभर भाताचा पेंढा उकळून, किंवा केळीच्या सालीचा लहानसा तुकडा टाकावा. वर पातळ कापड बांधून बरणी उजेडात, पण कडक उन्हात नव्हे, अशी ठेवावी. एक-दोन दिवसांत पाणी दुधाळ होते आणि वास मारते. ते जिवाणू. त्यांना खाणारे सूक्ष्म जीव मग वाढतात आणि चौथ्या-पाचव्या दिवशी पाणी निवळून फिकट पिवळसर होते. बरणी उजेडासमोर धरली तर धुळीसारखे हलणारे ठिपके दिसतात. हे पाणी दिवसातून तीन-चार वेळा चमचा-दोन चमचे पिल्लांच्या भांड्यात घालावे. बरणी फार दिवस टिकत नाही, म्हणून तीन दिवसांच्या अंतराने दुसरी लावावी. खर्च शून्य.

दुसरे अन्न मोइना. ही पाण्यातली पिसूसारखी उड्या मारत पोहणारी अगदी लहान कोळंबीवर्गीय जीवजात. हिचीच थोरली बहीण डॅफ्निया. पण डॅफ्नियाला थंडावा मानवतो. आपल्या कोकणातल्या उष्म्यात मोइना चांगली तगते. वीसेक लिटरचा प्लास्टिकचा टब पुरतो. नळाचे पाणी असेल तर ते एक दिवस उघडे ठेवावे, म्हणजे त्यातला क्लोरिन उडून जातो. विहिरीचे असेल तर लगेच चालते. थोडी मोइना कोणाकडून तरी आणून त्यात सोडावी. खायला हिरवे पाणी द्यावे. टाकीचे जुने पाणी बाटलीत भरून उन्हात ठेवले की आठ-दहा दिवसांत ते हिरवे होते. ते नसेल तर चिमूटभर यीस्ट पाण्यात कालवून घालावे. पाणी किंचित गढूळ झाले की पुरे आणि ते निवळल्याशिवाय पुन्हा घालू नये. जास्त घातले तर पाणी कुजते आणि सगळी मोइना एका दिवसात बसते. आठवडाभरात टब भरून जातो. मग रोज चौथा हिस्सा तेवढा गाळून घ्यावा, म्हणजे मागे वाढ चालू राहते. नेहमी दोन टब ठेवावेत. एक बसला तर दुसऱ्यातून पुन्हा सुरू करता येते.

येथे एक गोष्ट विसरू नये. मोइनाचा टब हेही साठलेले पाणीच आहे. त्यावर मच्छरदाणीचे कापड ताणून, कडेला घट्ट इलास्टिक लावून झाकण केलेच पाहिजे. हवा आत जाते, डास जात नाही. आमच्या वाडीत आता नियम आहे. टाकी ठेवा, टब ठेवा, पण झाकण नसेल तर शेजाऱ्याने येऊन तो उलटा केला तरी तक्रार करायची नाही. ड्रमावरून माझ्या दारात आलेली ती बाई दर रविवारी फेरी मारते आणि कापड बोटाने ओढून पाहते. तिच्याएवढी कडक तपासणी कोणा अधिकाऱ्यानेही केली नसती.

तिसरे अन्न आर्टेमिया. हा खाऱ्या पाण्यातला जीव. याच्या नवजात पिल्लांचा माशांच्या पिल्लांना फार उपयोग होतो, हे १९३३ मध्ये अमेरिकेत सील यांनी आणि १९३९ मध्ये नॉर्वेत रोलेफ्सेन यांनी दाखवले. आज जगभर कोळंबीच्या आणि माशांच्या बीजकेंद्रांत हेच वापरतात. अमेरिकेतल्या युटामधल्या ग्रेट सॉल्ट लेक या खाऱ्या सरोवरातून याची सुकी अंडी डब्यांत भरून देशोदेशी जातात. पण हा जीव आपल्याला परका नाही. १९५३ साली सी. व्ही. कुलकर्णी यांनी मुंबईच्या मिठागरांत आर्टेमिया सापडल्याची नोंद प्रसिद्ध केली होती. जेथे मीठ पिकवणारे मजूर उन्हात पायांना भेगा पडेपर्यंत राबत, त्याच खाचरांतल्या पाण्यात हा जीव पोहत होता.

याची अंडी वाळूपेक्षाही बारीक आणि तपकिरी असतात. एका ग्रॅममध्ये दोन ते तीन लाख भरतात. डबा महाग असतो खरा, परंतु घरगुती कामाला एका वेळी चिमूट-दोन चिमूटच लागतात. पाण्याची रिकामी एक लिटरची बाटली बूड कापून उलटी टांगावी. त्यात समुद्राचे पाणी कापडाने गाळून घालावे. रत्नागिरीकरांना समुद्र फुकट आहे. मात्र बंदरातले तेलकट किंवा खाडीच्या तोंडाचे पाणी घेऊ नये. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि किनाऱ्याचे पाणी नद्यांमुळे गोडसर झालेले असते. तेव्हा पाण्यासाठी किनाऱ्यावर उतरण्याचे धाडस कोणी करू नये. एक लिटर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम खडेमीठ विरघळवले की काम होते. आयोडिन घातलेले मीठ नको. चिमूटभर खाण्याचा सोडा घातल्यास बरे. हवेच्या पंपाची नळी तळापर्यंत सोडून पाणी सतत खळखळते ठेवावे आणि जवळ एक दिवा लावावा. २६ ते २८ अंश उष्णता हवी, ती आपल्याकडे बहुतेक वर्षभर असतेच. साधारण २४ तासांत नारिंगी रंगाची पिल्ले बाहेर पडतात.

मग पंप बंद करून दहा मिनिटे थांबावे. रिकामी टरफले वर तरंगतात. पिल्लांना उजेडाची ओढ असते. तळाशी दिवा धरला की ती तेथे जमतात. बारीक नळीने तेवढी ओढून घ्यावीत, दाट विणीच्या सुती रुमालात गाळावीत, गोड्या पाण्याने धुवावीत आणि माशांना घालावीत. टरफले टाकीत जाऊ देऊ नयेत. ती पिल्लांच्या पोटात अडकतात. आर्टेमियाची पिल्ले गोड्या पाण्यात काही तासच जगतात, म्हणून बेताने घालावीत. जन्मल्यावर जितक्या लवकर घालू तितकी ती पौष्टिक असतात, कारण अंगातला बलक ती स्वतःच वापरून टाकतात. उरली तर खाऱ्या पाण्यात, पसरट डब्यात, फ्रीजमध्ये एक दिवस ठेवता येतात. त्यापुढे ठेवू नयेत.

सुकी अंडी सांभाळणे हे मात्र कोकणात मोठे काम आहे. पावसाळी दमट हवा लागली की ती अर्धवट फुगतात आणि फुटत नाहीत. म्हणून डबा आणल्याबरोबर अंडी चार-पाच लहान कोरड्या बाटल्यांत विभागून, झाकण घट्ट लावून फ्रीजमध्ये ठेवावीत. एक बाटली संपल्यावरच दुसरी उघडावी. बाहेर काढल्यावर बाटली खोलीच्या उष्णतेला आली की मगच झाकण काढावे. नाहीतर आत दव धरते.

फ्रीजचा विषय निघाला म्हणून घरातली एक गोष्ट सांगतो. आमच्या फ्रीजमध्ये पहिला डबा ठेवला तेव्हा माझी पत्नी म्हणाली, “दुधाशेजारी किडे ठेवाल तर उद्यापासून चहा तुम्ही करायचा.” तिचे बरोबर होते. आता आमच्याकडे तळच्या खणात एक वेगळा झाकणाचा डबा आहे. त्यावर मुलीने लाल शाईने ‘माशांचे’ असे लिहिले आहे. त्याची गाळणी वेगळी आणि चमचा वेगळा. हे नियम प्रत्येक घराने पाळावेत. मोठ्या माशांसाठी बाजारातून ताजा जवळा आणला तर स्वयंपाकाआधी मूठभर वेगळा काढावा, धुवावा आणि पिशवीत पातळ थापून बर्फाच्या कप्प्यात ठेवावा. लागेल तेवढा तुकडा मोडून घालता येतो. एकदा वितळलेला पुन्हा गोठवू नये.

आमच्या वाडीतल्या एका वृद्ध आजींनी मला हटकले होते, “अरे, रोज पंचशील म्हणतोस, ‘प्राणिहत्येपासून अलिप्त राहीन’ म्हणतोस, आणि जिवंत जीव माशांच्या तोंडी देतोस?” मी त्यांना म्हणालो, “आजी, फायटरच्या पिल्लाला दुसरे काही खाताच येत नाही. ते निसर्गाने तसे केले आहे.” त्या म्हणाल्या, “त्याला तसे केले आहे. पण त्याला बाटलीत तू घातलेस.” याला माझ्याजवळ उत्तर नव्हते आणि आजही पुरते नाही. परंतु त्यांच्या प्रश्नातून आम्ही एक गोष्ट ठरवली. जेवढी पिल्ले पोसता येतील तेवढीच काढायची. जेवढे अन्न खपेल तेवढेच जन्माला घालायचे. कोणताही जीव डब्यात कुजून मरता कामा नये.

कारकून असल्याने मला वहीची सवय आहे. मुलाला मी एक वही आखून दिली. तारीख, टब कोणता, किती चमचे घातले, किती वेळात संपले, किती पिल्ले गेली. पाच मिनिटांत संपले तर प्रमाण ठीक. दहा मिनिटांनीही उरले तर जास्त झाले. उरलेले नळीने ओढून काढायचे. पिल्लांना थोडे थोडे, दिवसातून चार-पाच वेळा. मोठ्यांना दोनदा पुरे. आठवड्यातून एक दिवस मोठ्या माशांना उपास दिला तरी बिघडत नाही. पहिल्या महिन्यात वहीत लाल खुणा बऱ्याच होत्या. तिसऱ्या महिन्यात कमी झाल्या. आता दुकानदाराशी भाव करताना तो मुलगा तीच वही पुढे ठेवतो आणि सांगतो, माझे मासे गटारातल्या किड्यांवर वाढलेले नाहीत, म्हणून कमी मरतात.

ज्यांना याचा व्यवसाय करायचा आहे त्यांनी ऐकीव माहितीवर विसंबू नये. झाडगावचे केंद्र आहे. १९८१ पासून चालू असलेले शिरगावचे मत्स्य महाविद्यालय आहे. तेथे जाऊन विचारण्याचा संकोच करू नये. त्या संस्था आपल्याच पैशाने चालतात. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत घरामागे शोभिवंत मासे वाढवण्यासाठी साहाय्य ठेवले होते. त्यात अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांना खर्चाच्या ६० टक्क्यांपर्यंत, इतरांना ४० टक्क्यांपर्यंत अनुदानाची तरतूद होती. सध्या कोणती योजना चालू आहे, कोणते कागद लागतात, हे जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारावे. एकट्याने जाण्यापेक्षा चार घरांनी, विशेषतः बचत गटातल्या भगिनींनी मिळून जावे. अर्ज भरायला वाडीतला एखादा शिकलेला मुलगा बरोबर घ्यावा.

मे महिन्यात आमच्याकडे पाण्याची ओढाताण असते. त्या दिवसांत टब एकच ठेवावा, मासे कमी करावेत आणि टाकीतून काढलेले पाणी फेकून न देता झाडांना घालावे. परसातल्या अळूला आणि मिरचीला ते चांगले मानवते. पाऊस सुरू होण्याआधी सगळ्या झाकणांची कापडे तपासून फाटलेली बदलावीत, अंड्यांच्या बाटल्या पुन्हा घट्ट कराव्यात आणि खडेमीठ भरून ठेवावे. आणि ज्या घरी टाकी आहे त्या घराने शेजारी जाऊन एकदा सांगून यावे, की आमच्या टबावर झाकण आहे, शंका वाटली तर केव्हाही येऊन पाहा.